कालची बाटली

देवाने माणसाला नाक दिलं ते श्वास घ्यायला आणि फार तर चष्मा टेकायला. बाकीचे सगळे उद्योग माणसाचे. कोणी ते मुरडतं, कोणी दुसऱ्याच्या कामात खुपसतं, कोणी त्याने कांदे सोलतं. या बाईने मात्र नाकाच्या जोरावर एका सरबत कंपनीत प्रयोगशाळेतल्या स्टुलापासून थेट वरच्या मजल्यापर्यंत मजल मारली. तिला सगळे नाकाबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. "पाठीमागे यापेक्षा वाईट म्हणत असतील, हे बरंय," असं ती म्हणायची.

तिचे वडील बसगाड्या दुरुस्त करायचे, आई घरी शिवणकाम करायची. पोरगी दुधाच्या पातेल्यावर वाकून जाहीर करायची, "हे संध्याकाळपर्यंत नासणार." आई वैतागून म्हणायची, "शुभ बोल रे नाऱ्या!" आणि संध्याकाळी दूध नासायचं. हळूहळू शेजारणी आपापली पातेली घेऊन दारात उभ्या राहायला लागल्या. आईला ते मुळीच आवडायचं नाही. वडील मात्र हसून म्हणायचे, "असू दे गं. नाकावर पोट भरणारी पहिलीच निघेल आपल्या घरात."

तसंच झालं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती सरबत कंपनीत मुलाखतीला गेली, तेव्हा समोर खुद्द मोठे साहेब बसले होते. कंपनी त्यांनीच उभी केलेली, त्यामुळे शिपायापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकाला ते स्वतः पारखून घेत. साहेब प्रश्न विचारत होते आणि ही खुर्चीत चुळबुळ करत होती. शेवटी तिच्याच्याने राहवेना. "साहेब, माफ करा हं, पण इथे जवळपास कुठे ओलं पोतं पडलंय का?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी माणूस पाठवला. शेजारच्या कोठारात गळक्या नळाखाली साखरेचं पोतं भिजून आंबायला लागलं होतं. साहेब खो खो हसले आणि म्हणाले, "या नाकाला उद्यापासून कामावर घ्या. बाकीची मुलगी मागून सावकाश आली तरी चालेल." नाकाबाई हे नाव त्या दिवशी पडलं ते कायमचं.

कंपनी पुढे बरंच काही विकायला लागली, पण तिचा जीव होता एका संत्र्याच्या सरबतात. घट्ट सरबत, पाणी घालून प्यायचं. साहेबांनी आणि त्यांच्या बायकोने ते पहिल्यांदा घरच्या स्वयंपाकघरात केलं होतं. संत्र्याची साल किसून साखरेत मुरत ठेवायची आणि मग त्यात रस घालायचा, एवढीच करामत. पण त्या सालीमुळे पहिला घोट गोड लागायचा आणि घशाखाली उतरताना किंचित कडसर व्हायचा, की लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटे. कंपनीत त्या सरबताला 'थोरलं' म्हणत. बिस्किटं, दही, फळांचे रस ही सगळी त्याची धाकटी भावंडं.

नाकाबाईची पहिली नेमणूक चव घ्यायच्या खोलीत झाली. पांढऱ्या फरशा, रंग बघून कोणी फसू नये म्हणून लाल दिवा, कोपऱ्यात बेसिन, तोंड साफ करायला कोमट पाणी आणि बिनमिठाची बिस्किटं. नवा माल बाटलीत जायच्या आधी या खोलीतून जायचा. प्रत्येकापुढे तीन ग्लास यायचे. दोन ग्लासांत एकच सरबत, तिसऱ्यात दुसरं. एक कालचं, एक आजचं. वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. कोणालाच ओळखता आला नाही, तर आजचा माल कालच्यासारखा झाला, म्हणजे पास. भिंतीवर साहेबांच्या हस्ताक्षरातली पाटी होती: 'आजचं कालच्यासारखं.' ही पद्धत साहेबांनीच घालून दिलेली, आणि तिचा त्यांना भारी अभिमान. पाहुणा आला की त्याला आधी ही खोली दाखवायचे, मग चहा.

नाकाबाई त्या खोलीत फार काळ थांबली नाही. नाक सगळ्यांनाच असतं, पण हिला डोकं आणि जीभही होती, आणि जीभ काही फक्त चव घ्यायला नव्हती. कारखान्यात गेली तेव्हा तिथला फोरमन म्हणाला, "बाई, इथे आवाज फार असतो." ही म्हणाली, "काळजी नको, माझा ऐकू येईल." विक्रीत गेली तेव्हा मालाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून दुकानं पालथी घातली. दुकानदार नाही म्हणाला की ती तिथेच स्टूल मागून बसायची आणि त्याच्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. मग तो हो म्हणायचा, निदान स्टूल परत मिळावं म्हणून तरी. एकदा तिने काकडीचं सरबत काढलं. ते असं आपटलं की विचारू नका. कोणीतरी सभेत कुजकटपणे विचारलं, "ते कोणासाठी होतं बाई?" तर म्हणाली, "काकड्यांसाठी. त्यांनाही आवडलं नाही." साहेबसुद्धा हसले आणि पुढच्याच वर्षी तिला दुसऱ्या शहरातला बिस्किटांचा कारखाना दिला. तिथून ती दह्यादुधाकडे गेली. हात लावेल ते सोनं, असं नव्हतं. पण हात लावलेलं काम अर्धवट कधी सोडलं नाही.

तिचा नवरा दाताचा डॉक्टर. म्हणजे बायकोने गावाला गोड पाजायचं आणि नवऱ्याने दाढा भरायच्या. "आमचा जोडधंदा आहे," असं तो पाहुण्यांना सांगायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. ताठ कण्याच्या, स्पष्ट बोलणाऱ्या, आणि नाकावर माशी बसू न देणाऱ्या. नाकाबाई फिरतीवर असताना घर त्यांनीच ओढलं, आणि ते ऐकवायची एकही संधी सोडली नाही. पूर्वी त्या 'थोरलं' रोज प्यायच्या. मग कधीतरी त्यांनी ते बंद केलं. "तुमच्या कंपनीचं ते आता नुसतं साखरेचं पाणी झालंय गं," असं त्या अधूनमधून म्हणायच्या. नाकाबाई ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. सासू सुनेच्या कंपनीला चांगलं म्हणाली, असं कुठे झालंय का?

असं करत करत नाकाबाई मुख्य कचेरीत आली, साहेबांच्या खालोखाल. साहेब आता थकले होते. त्यांची खुर्ची दोघांपैकी एकाला मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक नाकाबाई, आणि दुसरा जाहिरात विभागाचा प्रमुख, ज्याला सगळे कोट म्हणत, कारण भर उन्हाळ्यातही त्याच्या अंगावरून कोट उतरत नसे. माणूस वाईट नव्हता. फक्त साहेबांना शिंक आली तरी तो "अगदी बरोबर!" म्हणायचा.

आणि नेमका त्याच सुमाराला 'थोरल्या'चा खप घसरायला लागला. साहेबांनी फर्मान काढलं: दोघांनीही आपापला उपाय संचालकांसमोर मांडायचा, मग खुर्चीचं ठरेल. कोटाने नवी बाटली, नवं लेबल, नवी जाहिरात, सगळं कागदावर रंगवून तयार ठेवलं. नाकाबाईपाशी मात्र काहीच नव्हतं, आणि ही गोष्ट तिला बोचत होती. इतकी वर्षं राबून ती त्या खुर्चीच्या दारात आली होती, आणि तिला ती खुर्ची हवी होती. उगाच लाजत कशाला सांगायचं? हवीच होती.

त्याच दिवसांत एका शाळेच्या क्रीडादिनी कंपनीने मुलांना 'थोरलं' फुकट पाजलं. नाकाबाई बक्षिसं वाटायला गेली होती. धावून धावून घामेजलेली पोरं, वर तळपतं ऊन, आणि तरी टेबलावर ग्लास अर्धे अर्धे टाकलेले. फुकटचं सरबत आणि तहानलेली पोरं, तरी ग्लास अर्धे! ती चमकली. एक ताजा ग्लास भरून घेतला, नाकाशी नेला आणि मग एक घोट घेतला. बिस्किटं आणि दही यांच्या नादात तिने कित्येक वर्षांत 'थोरल्या'ला तोंडही लावलं नव्हतं. गोड लागलं. नुसतं गोड. सालीचा वास नाही, शेवटचा कडसरपणा नाही. घोट घशाखाली गेला आणि दुसरा घ्यावासा वाटला नाही.

घरी येऊन तिने पर्स टाकली आणि सोफ्यावर बसली. "आई, ते साखरेचं पाणी झालंय."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "आत्ता कळलं का? नाकाबाई म्हणे!"

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली आणि चौकशी केली. कोणी काही लपवलं नव्हतं, लपवण्यासारखं काही नव्हतंच. आधी हाताने किसलेल्या सालीऐवजी यंत्राने कापलेली साल आली. कालच्या बाटलीशी ताडून पाहिलं, फरक कळला नाही, पास. मग मुरवायचा वेळ थोडा कमी झाला, पास. मग सालीऐवजी सालीचं तेल, मग तेलही थोडं कमी, मग कडसरपणा कमी झाला म्हणून साखर थोडी वर. दर वेळी लाल दिव्याखाली प्रामाणिक माणसं बसली, त्यांनी प्रामाणिकपणे घोट घेतला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की कालच्यासारखंच आहे. सुरुवातीच्या एकदोन बदलांना तर तिनेच मान डोलावली होती. आज कालच्यासारखं होतं, काल परवासारखं होतं. पण आजची बाटली घेऊन तिला पहिल्या बाटलीशेजारी ठेवावं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पाटीवर कालचं लिहिलं होतं ना! अहो, आपलं मूल रोज आपल्या डोळ्यांसमोर असतं तेव्हा ते वाढलेलं आपल्याला कुठे दिसतं? पाहुणा येऊन सांगतो तेव्हा कळतं.

आता पंचाईत अशी की हे सांगायचं म्हणजे साहेबांच्या लाडक्या पद्धतीनेच साहेबांचं सरबत घालवलं, असं साहेबांच्या तोंडावर सांगायचं. आणि खुर्ची साहेबांच्या हातात.

"आधी खुर्चीवर बस, मग काय ते बोल," नवरा म्हणाला. "दाढ काढायच्या आधी मीही पेशंटला सगळं सांगत नाही."

"आणि खुर्चीवर बसल्यावर म्हणू, की मला आधीपासून माहीत होतं?"

"असं आहे खरं," तो म्हणाला आणि गप्प बसला. नवरा म्हणून त्याच्यात हा एक मोठा गुण होता.

तिने पहिली कृती काढली. फळं मागवली. प्रयोगशाळेतल्या लोकांना बरोबर घेऊन साल हाताने किसली, साखरेत मुरवली, आणि नाकाला पटेपर्यंत ते सगळं पुन्हा पुन्हा केलं. शेवटी एक दिवस झाकण उघडल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काही सालीमुळे नव्हतं.

सभेच्या दिवशी आधी कोट बोलला. छान बोलला. मग नाकाबाई उभी राहिली आणि म्हणाली, "मी बोलणार नाही, पाजणार आहे." प्रत्येकापुढे तीन ग्लास आले. निळा ठिपका, पिवळा ठिपका, हिरवा ठिपका. "दोन एकसारखे आहेत, एक वेगळा. आपली नेहमीचीच परीक्षा. साहेब, सुरुवात तुम्ही करा."

साहेब खूश झाले. आपल्याच आखाड्यात उतरलेल्या पैलवानासारखे सरसावून बसले. निळ्यातला घोट घेतला, पिवळ्यातला घेतला. हिरव्यातला घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हा वेगळा. अगदी सोपं आहे. कसला उग्र वास येतोय, आणि मागून कडूही लागतंय. हा बिघडलाय. हे दोन माझे, हे आपलं 'थोरलं'."

"अगदी बरोबर, साहेब!" कोट म्हणाला. "हिरवा बिघडलाच आहे."

तोवर बाकीच्यांनीही आपापले ग्लास तोंडाला लावले होते. नाकाबाईला वाटलं होतं साहेबांना पहिल्या घोटातच सगळं आठवेल. आठवलं तर नाहीच, उलट ते रोज थोडं थोडं त्या सरबताबरोबर वाहत इतके लांब गेले होते, की आपलंच मूल त्यांना परकं वाटत होतं. आता नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. "हो साहेब, अचूक!" एवढे तीन शब्द, आणि खुर्ची तिची. तोंडाशी आलेला घास. तिने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "बिघडलेला म्हणताय तो तुमचा आहे. तुमचा पहिला. निळा आणि पिवळा आपण आज विकतोय ते आहेत."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "माझी जीभ मला शिकवतेस?"

"नाही. फक्त टेबलाकडे बघा म्हणते."

साहेबांनी पाहिलं. बाकी सगळ्यांपुढे निळा ग्लास जवळजवळ भरलेला, पिवळा जवळजवळ भरलेला, आणि हिरवा रिकामा. एका संचालकाने तर ग्लास उपडा करून शेवटचा थेंबही सोडला नव्हता. कोटापुढचा हिरवा ग्लास सगळ्यांत स्वच्छ होता. कोटाने हळूच त्यावर हात ठेवला, पण तोवर उशीर झाला होता. साहेबांनी खुर्ची मागे सारली आणि ते निघून गेले.

"झालं," नाकाबाई घरी येऊन म्हणाली. "गेली खुर्ची. स्वतःच्या हाताने घालवली." असं म्हणाली खरी, पण जेवली मात्र पोटभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चव घ्यायच्या खोलीत गेली तर लाल दिव्याखाली साहेब एकटेच बसलेले. पुढ्यात हिरव्या ठिपक्याचा ग्लास, अर्धा झालेला. भिंतीवरची पाटी काढून त्यांनी मांडीवर घेतली होती.

"बस," ते म्हणाले. "काल घरी गेलो आणि काही केल्या तो कडूपणा जिभेवरून जाईना. मग आठवलं. माझी बायको साल किसायची ना, तेव्हा किसणीने बोटं सोलायची तिची. मी म्हणायचो, अगं पुरे आता, एवढ्या सालीची गरज नाही. तर म्हणायची, एवढीच गरज आहे, बाकी नुसती साखर." साहेबांनी पाटीवरून हात फिरवला. "तिच्या हाताचं होतं ते. आणि मी सगळ्यांसमोर त्याला बिघडलेलं म्हणालो गं."

नाकाबाईने त्यांच्यापुढे बिनमिठाची बिस्किटं सरकवली. दोघांनी एकेक खाल्लं. सांत्वनाला वाईट, पण तिथे तीच होती.

जरा वेळाने साहेबांनी नाक शिंकरलं आणि आवाज मूळपदावर आणला. "कालपर्यंत मला बरोबर बरोबर म्हणणारे पुष्कळ होते, म्हणून तर ही वेळ आली. खुर्चीवर तू बस. आणि ही पाटी नवी करून घे. पहिली बाटली दर वेळी ताजी करायची आणि तिच्याशी ताडायचं, कालच्याशी नाही."

"हो साहेब."

"आणखी एक. उद्या तुझीही जीभ अशीच वाहवत जाईल. माझी गेली, तुझी काय वेगळी आहे? तेव्हा तुला तोंडावर 'नाही' म्हणेल असं माणूस आजपासून जवळ ठेव. शोध कुठे मिळतं ते. सोपं नाही."

नाकाबाई हसली. "शोधायला नको, साहेब. घरात आहे. मीच ऐकत नव्हते."

पहिला नवा माल निघाला त्या दिवशी ती बाटली बगलेत मारून घरी गेली. नवऱ्याने ग्लास धुतले. सासूबाई हात पुसत येऊन बसल्या, ग्लास उजेडात धरून पाहिला, हुंगला आणि घोट घेतला. संचालकांपुढे न डगमगलेली नाकाबाई पदराला हात पुसत समोर उभी होती, शाळेतल्या पोरीसारखी. सासूबाईंनी डोळे मिटले. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. ग्लास संपला.

"आई, सांगा ना."

"साखर जरा जास्तच आहे."

"आहे तेवढीच राहणार," नाकाबाई म्हणाली. "आज कणभर कमी केली, उद्या कणभर आणखी, की पुन्हा तेच. पहिली बाटली म्हणजे पहिली बाटली."

"मग नको करू कमी," सासूबाई म्हणाल्या आणि रिकामा ग्लास तिच्यापुढे धरला. "पण मी म्हणणार. रोज म्हणणार. घाल आणखी."